अंडी कोण खाते? थंड पाण्यातील छोटे मासे आणि पाणगोगलगायी

हीटरशिवाय सांभाळता येणाऱ्या शोभिवंत माशांची माहिती देताना या सदरात व्हाइट क्लाउड या माशाचा उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्याच्या पैदाशीविषयी आहेत आणि जवळपास प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे गोगलगायीवर संशय घेतलेला आहे. म्हणून या वेळी दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या दोन फुटी टाकीत आठ व्हाइट क्लाउड मासे, भरपूर जावा मॉस (झुबक्यांनी वाढणारी पाणवनस्पती) आणि वनस्पतींबरोबर आलेल्या अनेक रॅम्सहॉर्न गोगलगायी आहेत. नर पर फुलवून सतत नाचत असतात, माद्यांची पोटेही भरलेली दिसतात. पण वर्ष होत आले तरी एकही पिल्लू दिसले नाही. गोगलगायी अंडी फस्त करतात असे दुकानदाराचे म्हणणे आहे. त्यांना मारण्याचे औषध टाकीत घालावे का? (वाचक, पुणे)

उत्तर : औषध घालू नका. त्यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न इतर अनेकांनीही विचारला आहे.

व्हाइट क्लाउड हा दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांताचा मासा. ग्वांगचौ शहराच्या उत्तरेस असलेल्या बाययुन डोंगराच्या ओढ्यात तो तान नावाच्या एका स्काउट प्रमुखाला सापडला आणि १९३२ मध्ये लिन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण वाढ झाल्यावरही तो जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. १९८० नंतर बरीच वर्षे तो निसर्गात कोणाला आढळला नाही, त्यामुळे तो नामशेष झाला असे मानले जात होते. पुढे ग्वांगडाँगमध्ये आणि हायनान बेटावर मोजक्या ठिकाणी तो पुन्हा मिळाला. आपल्याकडे विकले जाणारे मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच वाढलेले असले, तरी त्यांची शरीररचना आणि सवयी डोंगरातल्या थंड, स्वच्छ ओढ्याच्याच आहेत.

आता अंड्यांकडे वळू. तुम्ही जो नाच पाहता, तो बऱ्याचदा दोन नरांमधला असतो. एकमेकांसमोर पर ताठ पसरून ते आपला रुबाब दाखवतात. त्याचा अर्थ अंडी घातली जात आहेत असा होत नाही. खरी वेळ आली की नर मादीला मॉसच्या झुबक्याकडे वळवत नेतो, दोघे क्षणभर अंगाला अंग लावून थरथरतात आणि दोन-चार अंडी पानांत विखुरली जातात. हा प्रकार बहुधा सकाळी घडतो. एकाच दिवशी सगळी अंडी घालून मोकळे होणाऱ्या माशांपैकी हा मासा नाही; चांगले खाणे आणि योग्य थंडावा मिळाला तर तो बरेच दिवस रोज थोडी थोडी अंडी घालत राहतो. अंडे सुमारे एक मिलिमीटरचे, पारदर्शक आणि किंचित चिकट असते. पाणी २० ते २२ अंश सेल्सिअस असेल तर साधारण दोन दिवसांत ते फुटते. बाहेर आलेले पिल्लू आणखी दोन-तीन दिवस काचेला किंवा पानाला लटकून पोटातल्या बलकावर जगते आणि मग पोहू लागते. त्या अवस्थेत त्याचे दोन काळे डोळे आणि मागे एक पारदर्शक रेघ, एवढेच दिसते. टाकीला समोरून नजर लावून, मागून विजेरीचा प्रकाश पाडल्याशिवाय ते सापडत नाही. तुमच्या टाकीत पिल्ले जन्मलीच नाहीत असे म्हणण्यापूर्वी हे एकदा करून पाहा.

अंडी आणि पिल्ले खाणारे पहिले मानकरी म्हणजे त्या टाकीतले मोठे मासे. जोडी मॉसमध्ये शिरली की बाकीचे मासे मागोमाग येऊन अंडी टिपतात आणि खुद्द आईबापही मागे राहत नाहीत. इतर अनेक छोट्या माशांच्या तुलनेत व्हाइट क्लाउड आपल्या पिल्लांच्या मागे कमी लागतो, हे खरे. पण आठ प्रौढ माशांच्या नजरेतून काही मिलिमीटरचे पिल्लू दिवसेंदिवस निसटत राहील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. दुसरा दोषी बहुतेक घरांत नजरेआड राहतो, तो म्हणजे टाकीच्या कडेला लावलेला जोरकस फिल्टर. त्याच्या तोंडाशी स्पंज नसेल तर पोहू लागलेली पिल्ले एकेक करून आत ओढली जातात.

रॅम्सहॉर्नचे तोंड पाने, काचेवरचे शेवाळ आणि कुजू लागलेले पदार्थ खरवडण्यासाठी बनलेले आहे. फळलेले, जिवंत, नितळ अंडे ती सहसा ओलांडून जाते. न फळलेले अंडे दिवसभरात पांढरे पडते, त्यावर बुरशीचे तंतू उगवतात आणि असे अंडे मात्र ती आवडीने खाते. तिने ते खाल्ले नाही तर तीच बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. आपण सकाळी टाकीत डोकावतो तेव्हा गोगलगाय अंड्यावर बसलेली दिसते आणि चोर सापडला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते अंडे आदल्या दिवशीच मेलेले असते. शंका असेल त्यांनी मॉसमधली थोडी अंडी, त्यांत एखाद-दुसरे पांढरे झालेलेही, पांढऱ्या बशीत टाकीच्याच पाण्यात ठेवावीत, त्यात एक छोटी रॅम्सहॉर्न सोडावी आणि भिंगातून पाहावे.

हे सर्वच गोगलगायींना लागू नाही. लिंबाएवढी वाढणारी मिस्ट्री स्नेल अंडी घातलेल्या मॉसवरून सरकत गेली, तर समोर येईल ते खाऊन जाते. तळ्यांतली टोकदार शंखाची मोठी लिम्निया गोगलगायही विश्वासाची नाही. पैदाशीच्या टाकीत या दोघी नकोत. रॅम्सहॉर्न, चिमुकली फायसा आणि वाळूत राहणारी ट्रम्पेट या तिघींना मात्र खुशाल राहू द्यावे.

मग करायचे काय? मासे हलवायचे आणि गोगलगायी आहेत तिथेच ठेवायच्या. पंधरा-वीस लिटरची साधी टाकी घ्या, तिच्यात मुख्य टाकीचेच पाणी भरा, तळाशी मॉसचा दाट थर पसरा, मंद चालणारा स्पंज फिल्टर लावा आणि चार-सहा छोट्या रॅम्सहॉर्न सोडा. आठवडाभर डासांच्या अळ्या किंवा डॅफ्निया यांसारखे जिवंत खाद्य देऊन तयार केलेले दोन नर आणि तीन माद्या तिच्यात ठेवा. सडपातळ, गडद रंगाचा तो नर आणि वरून पाहिल्यावर पोटाशी रुंद दिसणारी ती मादी, अशी ओळख पुरेशी आहे. पाच-सहा दिवसांनी सगळे मोठे मासे परत मुख्य टाकीत न्या. नंतर त्या छोट्या टाकीत जे काही होईल ते तुमचे. पुण्यात यासाठी सर्वांत सोयीचा काळ म्हणजे हिवाळा संपता संपताचा, कारण थंडीत गार राहिलेले पाणी हळूहळू २० अंशांच्या पुढे सरकू लागते आणि माशांना वसंताची चाहूल लागते.

औषधाविषयी शेवटचे. गोगलगायी मारणाऱ्या अनेक औषधांत तांबे असते. मोरचुदाचा परिणामही तोच. तांबे माशांच्या कल्ल्यांनाही झोंबते, शिवाय एकाच रात्रीत मेलेल्या शंभर गोगलगायी वाळूत आणि मॉसमध्ये कुजून जो अमोनिया तयार होतो, त्याने मासे दगावतात. टाकीतले तांबे नंतर पूर्णपणे काढून टाकणेही सोपे नसते.

प्रश्न : टाकीच्या काचेवर आतून जेलीसारखा पारदर्शक ठिपका चिकटला आहे आणि त्यात बारीक दाणे दिसतात. ही व्हाइट क्लाउडची अंडी समजून मी काच पुसलेली नाही. पिल्ले कधी येतील? (वाचक, नाशिक)

उत्तर : ती गोगलगायीची अंडी आहेत. व्हाइट क्लाउडची अंडी सुटी सुटी असतात आणि पानांत विखुरलेली असतात. अनेक दाणे एकाच चिकट गोळ्यात दिसले तर ते रॅम्सहॉर्नचे किंवा फायसाचे काम समजावे. रॅम्सहॉर्नचा गोळा चपटा आणि गोलसर असतो, फायसाचा लांबट. या दोन्ही गोगलगायी उभयलिंगी आहेत आणि जोडीदार नसतानाही त्यांना अंडी घालता येतात, त्यामुळे वनस्पतीबरोबर आलेली एकच गोगलगाय पुढे टाकी भरून टाकते. ट्रम्पेट गोगलगाय अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते आणि त्यासाठीही नर लागत नाही. पाण्याच्या रेषेच्या वर, झाकणाखाली, फिक्या गुलाबी दाण्यांचा घोस दिसला तर तो मिस्ट्री स्नेलचा. या जातीत नर आणि मादी वेगळे असतात. काचेवर आणि दगडांवर तीळ चिकटवल्यासारखे टणक पांढरे ठिपके असतील तर ते नेराइटचे. तिची पिल्ले गोड्या पाण्यात जगत नाहीत, म्हणून ज्यांना गोगलगाय हवी पण तिची वाढ नको त्यांनी नेराइट घ्यावी.

तुमच्या काचेवरच्या गोळ्यातले दाणे भिंगातून पाहा. आठवड्याभरात प्रत्येक दाण्यात इवलासा शंख फिरताना दिसेल.

प्रश्न : आमच्या रॅम्सहॉर्नच्या शंखांवर पांढरे चट्टे पडले आहेत, कडा ठिसूळ झाल्या आहेत. मासे मात्र ठणठणीत आहेत. पाणी नगरपालिकेचे आहे आणि क्लोरीन उडून जावे म्हणून आम्ही ते रात्रभर तांब्याच्या पिंपात भरून ठेवतो. (वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून काळजी वाटली. तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यात तांब्याचा अंश उतरतो. माणसाच्या दृष्टीने तो नगण्य असला तरी गोगलगायींना आणि कोळंबीला फार थोडे तांबेही विषारी असते. आजपासून प्लास्टिकची बादली वापरा. पाणी उघड्या, पसरट भांड्यात ठेवून अधूनमधून ढवळले तर क्लोरीन लवकर जातो.

शंख झिजण्याचे कारण मात्र वेगळे आहे. गोगलगायीचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. डोंगरातल्या तलावांचे पावसाळी पाणी बहुधा मृदू असते, त्यात चुन्याचा अंश कमी असतो. टाकी जुनी होत गेली, पाणी बदलण्यात आळस झाला आणि लाकूड, पाने तळाशी कुजू लागली की पाणी आम्लाकडे झुकते. असे पाणी शंख अक्षरशः विरघळवते. नवा शंख तोंडाशी तयार होतो आणि सर्वांत जुना भाग मध्याशी असतो, म्हणून चट्टे तिथूनच सुरू होतात. विरघळलेला भाग पुन्हा भरून येत नाही; पुढची वाढ मात्र सुधारता येते.

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस, म्हणजे माकूळाच्या अंगातले चुन्याचे कवच, मिळतो. त्याचा बोटभर तुकडा धुऊन टाकीत टाका. पहिले दोन दिवस तो तरंगेल, मग तळाशी जाईल आणि गोगलगायी त्याला खरवडून खातील. उकडलेल्या अंड्याचे कवच आतला पापुद्रा काढून, धुऊन, बारीक करून घातले तरी चालते. व्हाइट क्लाउडला किंचित जड पाणी मानवते, त्यामुळे माशांच्या बाजूने अडचण नाही. पाण्याचा सामू ७ ते ७.८ यांच्या दरम्यान राहिला की दोघांचेही भागते. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत ही तक्रार क्वचितच दिसते; त्यांच्या काचेवर पांढरी पुटे चढतात, पण गोगलगायींचे शंख दणकट असतात.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात व्हाइट क्लाउड टिकेल का? इथल्या दुकानात तो मिळतो आणि दुकानदार "कोणत्याही पाण्यात जगतो" असे सांगतो. (वाचक, नागपूर)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. थंडीच्या बाजूने हा मासा कमालीचा चिवट आहे, पाणी दहा अंशांखाली गेले तरी तो जगतो. उष्णतेच्या बाजूने तसे नाही. १६ ते २२ अंश ही त्याची सुखाची मर्यादा. २५-२६ अंशांवर तो काही आठवडे काढतो, पण त्याहून अधिक तापमानात त्याचे आयुष्य घटते, रंग उतरतो आणि पैदास थांबते. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे माशाची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. गोगलगायींची हालचाल आणि भूकही उष्णतेत वाढते, उरलेले खाद्य वेगाने कुजते आणि त्याच पाण्यातला अमोनिया अधिक घातक होतो.

विदर्भाच्या कोरड्या हवेचा एक फायदा मात्र आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा लावला, तर बाष्पीभवनामुळे टाकीचे पाणी खोलीच्या हवेपेक्षा तीन-चार अंश गार राहू शकते. कूलरच्या खोलीत ठेवलेल्या टाकीला याचा आणखी लाभ होतो. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे हा उपाय फारसा लागू पडत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी जड पाणी भरत राहिले तर क्षार साचत जातात, म्हणून रोजची भर गाळलेल्या मृदू पाण्याची घालावी.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या घरात मे महिन्यात टाकीचे पाणी २८ अंशांच्या खाली ठेवता येत नाही, त्या घराने व्हाइट क्लाउड आणू नये. त्याऐवजी झेब्रा डॅनिओ ठेवावा. तो आपल्याच उपखंडाचा मासा आहे, उष्णता त्याला व्हाइट क्लाउडपेक्षा अधिक मानवते, हिवाळ्यात त्यालाही हीटर लागत नाही आणि गोगलगायींशी त्याचे वाकडे नाही. पैदास मात्र थोडी वेगळी करावी लागते, कारण स्वतःची अंडी खाण्यात त्याचा हात धरणारा मासा विरळा. टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरले की अंडी फटींतून खाली जातात आणि मासे तिथवर पोहोचत नाहीत. रॅम्सहॉर्न त्या फटींत शिरते आणि पांढरी पडलेली अंडी साफ करते, ही या जोडीची खरी गंमत आहे.

प्रश्न : पिल्ले दिसली, पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून एकेक करून नाहीशी होत गेली. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून देत होतो. टाकीत मोठे मासे नाहीत, फक्त गोगलगायी आहेत. त्यांनीच खाल्ली असावीत का? (वाचक, सांगली)

उत्तर : पोहू लागलेल्या पिल्लाला रॅम्सहॉर्न पकडू शकत नाही. पिल्ले उपाशी राहिली असावीत किंवा बलकामुळे पाणी बिघडले असावे, कदाचित दोन्हीही. चिमूटभर बलकसुद्धा छोट्या टाकीला जास्त होतो. त्यातला खाल्ला न गेलेला भाग तळाशी पांढरी साय धरतो, आणि त्यामुळे बिघडलेल्या पाण्याचा फटका आधी पिल्लांना बसतो. गोगलगायी थोडा बलक संपवतात, पण त्यांच्या विष्ठेतून अमोनियाचा भार पुन्हा पाण्यातच येतो. गोगलगाय असली की टाकी आपोआप स्वच्छ राहते, हा समज मला अनेक पत्रांत दिसतो आणि त्याने बरेच नुकसान होते. ती खाद्याचे तुकडे बारीक करते. घाण टाकीबाहेर काढण्याचे काम पाणी बदलणाऱ्यालाच करावे लागते.

व्हाइट क्लाउडच्या पिल्लाचे तोंड पहिल्या आठवड्यात इतके लहान असते की दुकानातली पूड त्याला गिळवत नाही. त्याला पाण्यातले सूक्ष्मजीव हवेत, ज्यांना आपण सारे इन्फ्युसोरिया म्हणतो. ते तयार करण्याच्या कामी गोगलगायीचा उपयोग होतो, म्हणून जुने पैदासकार त्यासाठीच गोगलगायी पाळत. एका बरणीत टाकीचेच पाणी घ्या, कोबीचे एक पान हाताने चुरगाळून घाला आणि तीन-चार रॅम्सहॉर्न सोडा. बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. गोगलगायी पान कुरतडतात, त्यांच्या विष्ठेवर जिवाणू वाढतात आणि जिवाणूंवर सूक्ष्मजीव. पहिले दोन दिवस पाणी दुधाळ होते. तीन-पाच दिवसांत ते पुन्हा निवळू लागते आणि बरणी उजेडासमोर धरली की धुळीसारखे कण स्वतःहून हलताना दिसतात. ते पाणी वापरायला तयार झाले. घाण वास सुटला असेल तर फेकून द्या आणि पुढच्या वेळी पान निम्मे घ्या. दोन बरण्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने लावल्या तर खंड पडत नाही. भाताचा पेंढा उकळून केलेल्या अर्कावरही इन्फ्युसोरिया चांगला येतो आणि सांगलीकडे पेंढा मिळायला अडचण नाही; फक्त तो फवारणी न केलेल्या शेतातला असावा.

दिवसातून तीन-चार वेळा चमचा-दोन चमचे पाणी पिल्लांजवळ हळूच सोडा. आठवडाभराने आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची ताजी पिल्ले देता येतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ, हवेचा पंप आणि २५ ते २८ अंश तापमान एवढे मिळाले की आर्टेमियाची अंडी साधारण दिवसभरात फुटतात. देण्यापूर्वी ती बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुवावीत. पिल्लाचे पोट आर्टेमियाने नारिंगी झालेले दिसले की ते जगले असे समजायला हरकत नाही. आणखी काही आठवड्यांत त्याच्या अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत निळी-हिरवी झळाळती पट्टी उमटते. ही पट्टी पिल्लांत जितकी तेजस्वी असते तितकी ती प्रौढांत राहत नाही.

पाणी बदलताना हवेच्या पंपाची बारीक नळी वापरा आणि पाणी पांढऱ्या मगात काढा. चुकून ओढले गेलेले पिल्लू पांढऱ्या तळावर लगेच दिसते आणि चमच्याने परत सोडता येते.

प्रश्न : दुकानातून विकत घेण्याऐवजी भातखाचरातल्या किंवा वहाळातल्या गोगलगायी आणून टाकीत सोडल्या तर चालेल का? लहान मुलांना हे काम फार आवडते. (वाचक, चिपळूण)

उत्तर : मुलांची आवड जपावी, पण या मार्गाने नको. भातखाचरांत आणि गुरे पाण्यावर येतात अशा तळ्यांत इंडोप्लॅनॉर्बिस ही आपली देशी चपटी गोगलगाय मोठ्या संख्येने असते आणि ती दिसायला दुकानातल्या रॅम्सहॉर्नसारखीच असते. गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा कृमींचे अर्धे आयुष्य हिच्या शरीरात जाते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म अळ्या माणसाच्या त्वचेत शिरतात आणि खाज, पुरळ उठवतात; चिखलणीनंतर हातापायांना सुटणाऱ्या खाजेचे ते एक कारण आहे. लिम्निया जातीच्या गोगलगायी गुरामेंढरांच्या यकृतातल्या चपट्या कृमींचा प्रसार करतात. तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना होणाऱ्या शिस्टोसोमा रोगाचे रुग्ण आढळल्याची नोंद १९५२ मध्ये झाली होती आणि त्याचा संबंध ओढ्यातल्या फेरिसिया या इवल्याशा गोगलगायीशी जोडला गेला होता. घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र ज्या पाण्यात मुलांचे हात रोज जातात त्या पाण्यात अशी गोगलगाय असू नये.

कोणा छंदिष्टाच्या जुन्या टाकीतल्या चार गोगलगायी मागून आणा. तिथे गुरे नाहीत, त्यामुळे कृमींचे चक्र चालू राहत नाही. मुलांना बरणीतल्या गोगलगायींची अंडी फुटताना पाहू द्या. वहाळावर फिरायला जावे, गोगलगायी तिथेच पाहाव्यात आणि घरी येऊन हातपाय साबणाने धुवावेत.

प्रश्न : आम्ही टोरांटोजवळ राहतो. उन्हाळ्यात मागच्या अंगणात मोठ्या टबमध्ये व्हाइट क्लाउड आणि रॅम्सहॉर्न ठेवायचे मुलीच्या मनात आहे. सोबत दोन गोल्डफिश चालतील का? (वाचक, कॅनडा)

उत्तर : मुलीची कल्पना उत्तम आहे आणि तुमच्याकडचे हवामान या माशाला आपल्या देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा अधिक मानवणारे आहे. गोल्डफिश मात्र नकोत. तोही थंड पाण्याचाच मासा असला तरी तो मोठा होतो, तोंडात मावेल ते गिळतो, व्हाइट क्लाउडची पिल्ले आणि छोट्या गोगलगायी दोन्ही संपवतो आणि टबातले पाणी फार लवकर खराब करतो.

रात्रीचे पाणी बारा-तेरा अंशांच्या खाली जाईनासे झाले की मासे बाहेर न्यावेत. टब शंभर लिटरच्या आसपासचा असावा, त्याला दुपारी सावली मिळावी आणि तो तरंगत्या वनस्पतींनी निम्मा झाकलेला असावा. उघड्या टबात डास अंडी घालतात आणि मासे अळ्या खातात, त्यामुळे वरचे खाद्य आठवड्यातून दोन-तीनदा दिले तरी पुरते. मोठ्यांना पोटभर जिवंत खाद्य मिळते आणि वनस्पतींचा आडोसा दाट असतो, म्हणून टबात पिल्ले आईबापांबरोबरच वाढतात. वेगळी टाकी करण्याची गरज पडत नाही. गोगलगायी बुडाशी साचलेली पाने खातात आणि वरच्या इन्फ्युसोरियाच्या बरणीतले सारे काम त्या टबात बिनबोभाट चालू राहते. सप्टेंबरमध्ये टब रिकामा करताना पाणी पांढऱ्या बादलीतून काढा, वनस्पती हलकेच झटका. मोजलेल्या माशांपेक्षा अधिक मासे हाती लागण्याची शक्यता मोठी आहे.

एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्या शहराच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असते. क्लोरीनप्रमाणे ते पाणी रात्रभर उघडे ठेवून जात नाही, त्यामुळे दुकानात मिळणारे पाणी शुद्ध करणारे द्रावण वापरणे आवश्यक आहे.

प्रश्न : गोगलगायी फार झाल्या आहेत. जवळच्या नदीत सोडल्या तर त्यांचा जीव वाचेल, असे घरचे म्हणतात. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जीव वाचवण्याची घरच्यांची भावना चांगली आहे, पण टाकीतली कोणतीही गोगलगाय, मासा किंवा वनस्पती नदीत, तळ्यात, विसर्जन कुंडात किंवा गटारात सोडू नये. दक्षिण अमेरिकेतली ॲपल स्नेल १९८० च्या सुमारास तैवानमध्ये खाण्यासाठी आणली गेली, तिथून ती शेतांत शिरली आणि पुढे आग्नेय आशियातल्या भातशेतीची ती मोठी कीड ठरली. आपल्या घाटातल्या नद्यांत स्वतःच्या, इतरत्र कुठेही न आढळणाऱ्या गोगलगायी आणि मासे आहेत. त्यांच्या वाट्याला बाहेरचा प्रतिस्पर्धी पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गोगलगायींची संख्या खाद्यावर ठरते. त्या वाढल्या म्हणजे माशांना गरजेपेक्षा जास्त खाद्य दिले जात आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या, आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नका आणि तळाचा गाळ दर आठवड्याला नळीने ओढून पाणी पाव हिश्शाने बदला. नवी अंडी घातली जाण्याचे प्रमाण महिन्या-दोन महिन्यांत कमी होते. आहेत त्या काढण्यासाठी कोबीचे पान किंवा दुधीची चकती उकळत्या पाण्यात मऊ करून, गार करून, रात्री दिवा मालवताना टाकीत ठेवा. पहाटे त्यावर गोगलगायींची गर्दी असते. पान अलगद उचलून बरणीत घ्या. चार-पाच रात्री असे केले की संख्या आटोक्यात येते. या बरणीतल्या गोगलगायी इन्फ्युसोरियासाठी ठेवता येतात, दुसऱ्या छंदिष्टाला देता येतात. ज्यांच्याकडे गोगलगायी खाणारे मोठे लोच मासे आहेत, ते त्या आनंदाने नेतात. सगळ्याच काढू नका. पैदाशीच्या टाकीसाठी लहान आकाराच्या दहा-बारा मागे ठेवा.